तरंगत्या सौर प्रकल्पाच्या अभ्यासासाठी कोणता खुला डेटा घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. जलाशयावर तरंगते सौर पॅनल बसवल्यास वीज किती मिळेल आणि बाष्पीभवन किती घटेल, हा हिशेब मला प्रबंधात एकत्र मांडायचा आहे. मोजणीची साधने हाताशी नसल्यामुळे सगळी भिस्त खुल्या डेटावर आहे. ईआरए५ या युरोपीय हवामान केंद्राच्या जागतिक हवामान संचामधून तासागणिक सौर प्रारण (जमिनीवर पोचणारी सूर्याची ऊर्जा) घेऊन ते नासाच्या ‘पॉवर’ या सौर व हवामान डेटाच्या संचामधील आकड्यांशी ताडून पाहिले, तर एककेच जुळेनात, शिवाय ईआरए५च्या आलेखात दुपारचा उच्चांक सूर्य माथ्यावर आल्यानंतर अर्ध्या तासाने दिसतो. चूक डेटात आहे की माझ्या हाताळणीत? आणि जलाशयाच्या क्षेत्रफळासाठी कोणता स्रोत वापरावा?

प्रतिसाद १

डेटा बरोबर आहे, नोंदीची रीत तेवढी समजून घ्यायला हवी. ईआरए५ मधील प्रारण त्या क्षणाचे नसते, तर आधीच्या तासाभरात साठलेले असते आणि ज्यूल प्रति चौरस मीटर या एककात दिलेले असते. त्याला ३६०० ने भागले की वॅट मिळतात. बारा वाजताची नोंद २५,२०,००० असेल, तर अकरा ते बारा या तासाची सरासरी ७०० वॅट प्रति चौरस मीटर झाली, म्हणून सूर्याचा कोन साडेअकराचा धरावा. आपला अर्धा तास इथेच सरकला आहे. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, हेही ध्यानात ठेवावे. त्याच संचात जमिनीकडे येणारा प्रवाह धन मानल्यामुळे बाष्पीभवनाचे आकडे ऋण दिसतात. ते चुकीचे समजून गाळू नयेत.

प्रतिसाद २

क्षेत्रफळासाठी युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जागतिक भूपृष्ठजल संच घ्यावा. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांवरून १९८४ पासून महिन्यागणिक, ३० मीटरच्या चौकटीत पाणी कुठे होते ते त्यात कळते. मात्र ढगाळ महिन्यांत ‘निरीक्षण नाही’ अशी नोंद असते आणि ती ‘पाणी नाही’ यापासून वेगळी ठेवावी लागते. मी सुरुवातीला दोन्ही एकच धरले होते, त्यामुळे ऐन पावसाळ्यात माझा जलाशय कागदावर आटला आणि तीन आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून पाण्याचा साठा अंदाजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या डेटाकडे मात्र वळू नका. त्याची चौकट शेकडो किलोमीटरची आहे, एकट्या जलाशयासाठी तो निरुपयोगी आहे.

प्रतिसाद ३

ईआरए५ची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची असल्याने लहान जलाशयावरचा वारा आणि आर्द्रता तिच्यात आजूबाजूच्या जमिनीत मिसळून जातात. त्यातले ‘संभाव्य बाष्पीभवन’ही उघड्या पाण्याचे म्हणून वापरू नये, प्रारण, वारा, तापमान व आर्द्रता घेऊन बाष्पीभवन काढण्याच्या पेनमनच्या सूत्राने स्वतंत्र गणित करावे. खोल जलाशय उष्णता साठवून ठेवतो, त्यामुळे त्याचे बाष्पीभवन उन्हाच्या मागून काही महिन्यांनीही वाढू शकते, ही बाब गणितात सुटू देऊ नका. प्रारणाची पडताळणी बीएसआरएन या जमिनीवरून प्रारण मोजणाऱ्या केंद्रांच्या जागतिक जाळ्यातील एखाद्या केंद्राच्या मिनिटागणिक मोजणीशी करता येईल. आपले हवामान त्या केंद्राच्या हवामानाशी मिळतेजुळते असावे.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. तासाच्या मध्यावर कोन धरल्यावर उच्चांक जागेवर आला. आता ‘निरीक्षण नाही’ असलेले महिने वेगळे काढून क्षेत्रफळाची मालिका नव्याने तयार करत आहे.