फॅटी लिव्हर: तुपावर खटला, साखर मात्र मोकाट

बखरकार (धागाकर्ता):

हल्ली कुणाच्याही घरी हेल्थ चेकअपची फाइल उघडा, सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' हमखास सापडतं. आणि पहिली गदा येते ती तुपावर. वरणभात कोरडा, पोळी कोरडी. चार वाजता चहाबरोबर बिस्किटांचा अख्खा पुडा मात्र चालतो, कारण त्यात तेल दिसत नाही! माझं म्हणणं सरळ आहे: आपण भलत्याच आरोपीला धरलंय.

जेवणातलं तूप-तेल आतड्यात पचलं की त्यातलं बहुतेक काइलोमायक्रॉन नावाच्या कणांत बांधलं जातं. हे कण लसिकावाहिन्यांतून वर चढतात आणि मानेच्या बुंध्याशी रक्तात मिसळतात. म्हणजे यकृताला वळसा घालून. वाटेत स्नायू आणि कातडीखालची चरबी आपापला वाटा काढून घेतात, यकृताकडे येतं ते उरलंसुरलं. साखर-भाताचं उलट. ते आतड्यातून निघणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृतात. तिथे ग्लायकोजेनची, म्हणजे साखरेच्या साठ्याची जागा जेमतेम शंभर ग्रॅमची. ती भरली, तोंड चालूच राहिलं आणि इन्सुलिन खाली यायला तयार नसलं, की यकृत साखरेपासून चरबी बनवायला घेतं. त्यातून आपली घरातली साखर म्हणजे निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोजला पेशीत ज्या पायरीवर लगाम लागतो ती पायरीच फ्रुक्टोज गाळून पुढे जातं. आणखी एक गंमत: चरबी बनवताना मध्ये मॅलोनिल-कोए नावाचं रसायन तयार होतं आणि तेच मेदाम्लांना (चरबीच्या घटकांना) मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत शिरू देत नाही. बनवणं चालू असेपर्यंत जाळणं बंद.

पुरावा हवा असेल तर फ्रान्समध्ये बघा. फ्वा ग्रा या पदार्थासाठी बदकांच्या आणि हंसांच्या घशात नळी घालून खाणं कोंबतात. काय कोंबतात? लोणी नव्हे, मका. थोड्याच दिवसांत यकृत कित्येक पट फुगतं. अत्यंत क्रूर प्रकार आहे, भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली ते बरंच झालं. पण त्यामागचं जीवशास्त्र काय सांगतं?

माणसांचंही सांगतो. अमेरिकेत २००५ मध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांना खुणेचे अणू देऊन यकृतातली चरबी कुठून आली ते मोजलं. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून, २६ टक्के यकृताने स्वतः बनवलेली, आणि खाल्लेल्या स्निग्धातून थेट आलेली फक्त १५ टक्के. आता सांगा, खटला कुणावर चालवायचा?

निवृत्त_मास्तर:

बखरकार, आकडे बरोबर, वाचन सोयीचं. मी आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

५९ टक्के चरबी शरीराच्या साठ्यातून आली म्हणता. तो साठा काय आभाळातून पडला? माणसाच्या कातडीखालची चरबी बहुतांशी खाल्लेल्या तेलातुपातूनच जमलेली असते. आज खाल्लेलं तूप आज यकृतात गेलं नाही, ते पोटावर गेलं आणि पुढे कधीतरी मेदाम्ल होऊन यकृतात आलं. तुमच्या हिशेबात ते 'साठा' या रकान्यात पडतं आणि तूप निर्दोष सुटतं. वकिली चांगली आहे.

हंस-बदकांचा दाखलाही जपून द्या. पक्ष्यांमध्ये चरबी बनवण्याचं मुख्य ठिकाणच यकृत आहे आणि लांबच्या उड्डाणाआधी ती तिथे साठवणं हा त्यातल्या काहींचा स्वभावच. माणूस कोल्हापूरहून सैबेरियाला उडत जात नाही.

आता प्रत्यक्ष माणसांवरचा प्रयोग. स्वीडनमध्ये उप्सालाच्या संशोधकांनी ३९ सडसडीत तरुणांना ७ आठवडे जादा मफिन खायला दिले. निम्म्यांचे पामतेलातले, निम्म्यांचे सूर्यफुलाच्या तेलातले. बाकी मैदा, साखर सारखंच. वजन दोन्ही गटांचं साधारण सारखंच वाढलं, दीड किलोच्या आसपास. यकृतातली चरबी मात्र पामतेलवाल्यांची स्पष्टपणे जास्त वाढली. २०१४ ची गोष्ट. पुढे २०१८ मध्ये फिनलंडच्या गटाने ३८ जाड लोकांना ३ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या दिल्या. संपृक्त, म्हणजे गारठ्यात घट्ट होणाऱ्या स्निग्धाने यकृतातली चरबी ५५ टक्के वाढली, साध्या साखरेने ३३ टक्के, असंपृक्त तेलाने १५ टक्के. तूप कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्हीच सांगा.

बखरकार:

मास्तर, तुमचा अभ्यास मान्य. पण हजार कॅलरी जास्तीच्या! त्या प्रयोगात लोकांनी लोणी, चीज, खोबरेल असलं स्निग्ध रोजच्या जेवणावर रचलं होतं. आमच्या घरी वरणावर चमचाभर तूप पडतं. हजार कॅलरीचं तूप म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर, एका दिवसात. कोण खातं? साखरेचं मात्र तसं नाही. दिवसाचे चार चहा, एक उसाचा रस, लग्नाच्या सीझनमध्ये जिलबी, आणि 'फळं चांगली' म्हणून ग्लासभर मोसंबीचा ज्यूस. हे कुणाला जास्तीचं वाटतच नाही.

आणि त्याच फिनिश प्रयोगात साखरेच्या गटात यकृताचं चरबी बनवणं जवळपास दुप्पट झालं होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर प्रयोग झाला, २०१९ चा. ८ आठवडे घरातलं साखर घातलेलं सगळं बंद. यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्या मुलांची २१ वरून २०. तेल-तूप कमी करायला कुणीही सांगितलं नव्हतं.

रांगडा_कोल्हापुरी:

साखरेला काय बोलायचं ते बोला, पण गुळाला नावं ठेवू नका. आमच्या गुळाला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. गूळ घातलेला चहा पितो मी, त्यात लोह असतंय.

निवृत्त_मास्तर:

भाऊ, गूळ चवीला उत्तमच. पण तुमच्या ढेपेत सर्वांत जास्त आहे ते सुक्रोजच, म्हणजे साखरच. लोहाचा थोडा अंश असतो, पण यकृत मानांकन वाचत नाही. याबाबतीत मी बखरकारांच्या बाजूने.

सुगरण_माई:

दोघं पुरुष तूप आणि साखर यावरून भांडताय आणि जे खरं घरात येतंय त्याकडे बघत नाही. किराण्याच्या पिशवीतून बिस्किटाचा, खारीचा, फरसाणाचा पुडा काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मैदा, साखर, 'खाद्य वनस्पती तेल' आणि कंसात पामोलिन. मास्तरांचा मफिन तो हाच! तूप महाग म्हणून माणूस जपून वाढतो, पामतेल दिसतच नाही म्हणून पोटभर जातं. माझ्याकडे पंगतीला येणारे 'ताई, तूप नको' म्हणतात आणि शेवेची वाटी दोनदा मागून घेतात.

बखरकार, तुम्ही तुपाची वकिली करता ती कढवलेल्या घरच्या तुपाची. स्वीट मार्टमधल्या बालुशाहीत जे असतं त्याची पण करणार का?

बखरकार:

माई, बालुशाहीचं वकीलपत्र घेत नाही.

पासष्ट_किलो:

माझं काय ते सांगा. वजन ६५, उंची पाच फूट आठ, दारू नाही, मांसाहार नाही, जिलबीसुद्धा आवडत नाही. तरी ग्रेड टू. तुमच्या दोघांच्याही थिअरीत मी कुठे बसतो?

निवृत्त_मास्तर:

तुम्ही पुण्याच्या थिअरीत बसता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा एक फोटो छापला. शेजारी इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तंतोतंत सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटाच्या आत, ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी केलेल्या कामात हे जन्मापासून दिसलं: बाळं किलोत लहान, चरबीत मात्र तितकी लहान नाहीत. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातला २०१० चा अभ्यासही बघा. गरीब, ग्रामीण, कष्टाची माणसं. त्यांतही शंभरात आठ-नऊ जणांना फॅटी लिव्हर, आणि त्यातले बहुतेक लठ्ठ नव्हते.

इथे मूळ मुद्दा येतो, जो धाग्यात अजून कुणी मांडला नाही. यकृत हे चरबीचं कायमचं कोठार नाहीच. ते मार्केट यार्ड आहे. माल सगळीकडून येतो, निवडला जातो, व्हीएलडीएल नावाच्या कणांच्या गाड्यांत भरून बाहेर रक्तात जातो, थोडा तिथेच जळतो. निरोगी यकृतात पाच टक्क्यांहून कमी चरबी असते. कातडीखालची जागा ज्याची कमी, त्याची चरबी लवकर ओसंडून यकृतात येते. इन्सुलिन दाद देईनासं झालं की कातडीखालच्या पेशी धरून ठेवलेली मेदाम्लं सोडत राहतात, तीही इकडेच. आवक जावकीपेक्षा जास्त झाली की माल पडून राहतो. आवक साखरेची की तुपाची यावर भांडा खुशाल, पण ६५ किलोवाल्यांच्या बाबतीत जागेचाच प्रश्न आहे. शिवाय काहींचा पीएनपीएलए३ नावाचा जनुक असा असतो की पेशीतली चरबी नीट मोकळी होत नाही. त्यांनी जिलबी न खाताही हे होतं.

सुगरण_माई:

जावकीचं बोललात ते बरं. बाहेर न्यायलाही काही लागत असेल ना?

निवृत्त_मास्तर:

लागतं, प्रथिन आणि कोलीन नावाचं एक पोषकद्रव्य. इन्सुलिनचा शोध लागला त्या टोरंटोतली गोष्ट आहे. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवले, पण काही महिन्यांनी त्यांची यकृतं चरबीने भरली. कच्चं स्वादुपिंड खायला घातलं की बरं व्हायचं. मग लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ देऊन जमलं, आणि १९३२ च्या सुमारास चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने त्यातलं नेमकं कोलीन पकडलं. व्हीएलडीएलच्या गाडीचं बाहेरचं वेष्टन कोलीनपासून बनतं, आतला सांगाडा प्रथिनाचा. म्हणून तर कुपोषणाने सुजलेल्या, क्वाशिओरकरच्या मुलांचं यकृतही चरबीने भरलेलं असतं. अंगावर मांस नाही, यकृतात चरबी! ६५ किलो, तुम्ही अंडं खात नसाल तर सोयाबीन, डाळी, दूध-दही यांचं प्रमाण बघा. आणि जोर-बैठका काढा, स्नायू वाढला की ग्लुकोजला दुसरं घर मिळतं.

आजीचा_बटवा:

एवढा खल कशाला? रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा. लिव्हर स्वच्छ.

बखरकार:

या एका बाबतीत मास्तर आणि मी एकाच बाकावर. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखली नसेल म्हणाले. असेलही. पण बाजारातली पुडी नेमकी कसली, हे तुम्ही-आम्ही तरी कुठून ओळखणार? आधीच कुरकुरणाऱ्या यकृतावर प्रयोग नकोत.

स्पष्टवक्ता_ठाणेकर:

सगळं वाचलं. माझं मत: हे फॅड आहे. पूर्वी सोनोग्राफी नव्हती, तेव्हा लोक मरत होते का यामुळे? आता दर तिसऱ्या माणसाला ग्रेड वन. मग तो आजार कसला, तो तर सरासरी माणूस झाला. पॅकेजवाल्यांचा धंदा आहे. मला स्वतःला ग्रेड वन सांगितलंय. मी काही करणार नाही.

निवृत्त_मास्तर:

अर्धं खरं आहे. बहुतेकांचं ग्रेड वन आयुष्यभर ग्रेड वनच राहतं आणि ते मरतात ते हृदयविकाराने. पण काहींच्या यकृतात चरबीपाठोपाठ सूज येते. तिथे अ जीवनसत्त्व सांभाळून बसलेल्या तारकापेशी असतात. सूज आली की त्या आपलं काम सोडून व्रणासारखे तंतू विणायला लागतात. सिरॉसिस, म्हणजे यकृत तंतूंनी कडक होणं, तिथून. दारूला हात न लावलेल्या माणसालाही होतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा विषय असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो उगीच नाही.

ग्रेड वन की टू यात फार जीव अडकवू नका. सोनोग्राफीला थोडी चरबी दिसतही नाही, आणि ती तंतू मोजत नाही. पॅकेजचा राग असेल तर तंतूंचा अंदाज देणारा फुकटातला हिशेब सांगतो, फिब-४. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले आकडे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे अडीच लाख असतील तर २५०. उत्तर १.३ च्या खाली आलं तर तंतूंची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर सरळ तज्ज्ञ गाठा.

स्पष्टवक्ता_ठाणेकर:

वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ६५ हजार. १.९ येतंय. हे काय आता?

निवृत्त_मास्तर:

मधला पट्टा. अशा वेळी फायब्रोस्कॅन करतात, यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी. पण प्लेटलेट कमी दिसतायत. रिपोर्ट कधीचा?

स्पष्टवक्ता_ठाणेकर:

सप्टेंबरचा. डेंग्यू होऊन गेला, त्याच आठवड्यातला.

निवृत्त_मास्तर:

मग तो रिपोर्ट या हिशेबाला चालणारच नाही. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतं, दोन्हींनी आकडा फुगतो. तुमच्याच आकड्यांत प्लेटलेट अडीच लाख धरले तर १.२६ येतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या, पॅकेज नको, एवढ्या दोनच.