जास्वंदीच्या पानांवर पिवळी वर्तुळं. कलमं गावात वाटून बसले आहे, मदत हवी

नमस्कार. वरूड तालुक्यातल्या गावातून लिहिते आहे. घरचा संत्र्याचा बगीचा आहे, पण प्रश्न अंगणातल्या जास्वंदीचा आहे.

विहिरीकडे जाताना लाल जास्वंद आहे, गावरान, एकेरी पाकळ्यांची. सासूबाईंनी लावलेली. त्या जाऊन सहा वर्षं झाली, पण देवाला रोजची फुलं अजून त्याच झाडाची. तीन वर्षांपूर्वी मी नर्सरीतून मोठ्या फुलांची पिवळी जास्वंद आणून तिच्या शेजारी लावली. पहिल्याच हिवाळ्यात पिवळीच्या पानांवर फिकट ठिपके दिसले. उन्हाळ्यात नवी पानं साफ आली आणि मी ते विसरले. यंदा दिवाळीनंतर थंडी पडली तसे ठिपके परत आले, आणि आता लाल जास्वंदीवरही आहेत.

ठिपका म्हणजे नुसता डाग नाही. बांगडी ठेवून आखावं तसं पिवळसर वर्तुळ, आत हिरवं. काही पानांवर वर्तुळं एकमेकांत मिसळून नकाशा झाला आहे. शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडतं, तसं हे नाही. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह मिळालं नाही की संत्र्यालाही तसं होतं, ते ओळखू येतं. तणनाशकाचा वारा लागला की पान अरुंद आणि वाकडं होतं, तसंही नाही. पानं उलटून पाहिली. पिठ्या ढेकूण नाही, पांढरी माशी नाही. फुलं मात्र लहान झाली आहेत.

कृषी केंद्रातून आधी सूक्ष्म अन्नद्रव्य दिलं, मग बुरशीनाशक, मग कीटकनाशक. पहिली दोन मारली. तिसरी बाटली उघडली नाही. फुलं देवाला जातात, आणि माझी मुलगी ती तोडून केसांत खोवते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आठवलं की कारण कळल्याशिवाय विष मारायला हात धजत नाही.

मग वाचताना हिबिस्कस क्लोरोटिक रिंगस्पॉट या विषाणूचं वर्णन सापडलं. हुबेहूब हेच. तो कलमातून जातो आणि कापणाऱ्या हत्याराला लागलेल्या रसातूनही जातो, हे वाचलं आणि पोटात गोळा आला. आषाढात मीच दोन्ही झाडं एकाच सिकेटरने छाटली होती, आधी पिवळी, लगेच लाल. फांद्या फेकवेनात म्हणून त्यांची कलमं केली, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेल्या बायकांना एकेक पिशवी हातात दिली. चौदा घरं. सासूबाईंची आठवण म्हणून दिली होती.

हे फोटोवरून नक्की सांगता येतं का? लाल झाडाचा एखादा साफ शेंडा घेऊन कलम केलं तर झाड वाचेल का? परसात भेंडी आहे, बांधाला अंबाडी पेरतो, त्यांना धोका आहे का? आणि त्या चौदा घरी जाऊन काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, मी मोर्शीकडचा, संत्र्याचे कलमं बांधतो. ज्या झाडाचा डोळा घ्याल त्याचा रोग सोबत येते, हे ट्रिस्टेझा नावाच्या संत्र्याच्या विषाणूनं आम्हाले शिकवलं. साफ दिसणाऱ्या शेंड्यावर भरोसा ठेवू नका. एकच विचारतो: पिवळी यायच्या आधी त्या लाल झाडाचं कलम कोणाकडे गेलं होतं का?

प्रतिसाद २

वनस्पती रोगशास्त्र शिकवतो. तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे आणि लक्षणं जुळतात, पण विषाणूची खात्री फोटोवरून होत नाही. त्यासाठी एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात. नमुना न्यायच्या आधी तिथे ही चाचणी होते का ते विचारून घ्या. पानं थंडीतच तोडा, तेव्हा लक्षणं ठळक असतात. उन्हाळ्यात पान साफ दिसलं तरी विषाणू आत असतोच. तुमच्या पिवळीचं तसंच झालेलं दिसतं.

या विषाणूचं वर्णन १९७६ साली अमेरिकेत झालं. त्याचा कण जेमतेम ३० नॅनोमीटरचा, पण टणक. म्हणून तो पात्यावरच्या रसात टिकतो. त्याला वाहून नेणारा कीटक माहीत नाही, त्यामुळे ती तिसरी बाटली तशीच राहू द्या. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. पण झाड त्याने लगेच मरतही नाही, वर्षानुवर्षं फुलतं. सासूबाईंचं झाड उपटायलाच हवं असं मी म्हणणार नाही. त्याचं कलम मात्र कोणाला देऊ नका, आणि छाटणी सगळ्यांत शेवटी त्याची करा. दर झाडानंतर पातं एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवा, मग धुऊन पुसा, नाहीतर गंजेल. पिवळी मुळासकट काढून जाळा.

भेंडीचा केवडा, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग, हा वेगळ्या विषाणूचा, तो पांढरी माशी पसरवते. अंबाडीची मात्र काळजी घ्या. ती जास्वंदीच्याच कुळातली, आणि प्रयोगशाळेत या विषाणूची लागण अंबाडीला सहज होते. जास्वंद हाताळून त्याच हातांनी अंबाडीची भाजी खुडू नका, आधी साबणाने हात धुवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मोर्शीच्या दादांचा प्रश्न वाचला आणि आठवलं: सासूबाईंनी आठ वर्षांपूर्वी नणंदबाईंना अचलपूरला एक कलम दिलं होतं. काल फोन केला. झाड छपराला टेकलं आहे म्हणाल्या. आज त्यांनी पानांचे फोटो पाठवले, एकही वर्तुळ नाही. तरी आमच्या दोन झाडांबरोबर त्याचीही पानं तपासायला देणार आहे. ते स्वच्छ निघालं तर पावसाळ्यात नव्या पात्याने त्याची कलमं करीन आणि चौदा घरी बदलून देईन.

कृषी विज्ञान केंद्रात सोमवारी जाते. आज संध्याकाळी पहिल्या तीन घरी जाऊन आले. दोघींकडे पानांवर वर्तुळं आहेत. त्यांनी रोपं माझ्यासमोर उपटून दिली, एकीने त्याआधी शेवटचं फूल तोडून देवाजवळ ठेवलं. उद्या उरलेल्या घरी जाते. चाचणीचा निकाल आला की इथेच लिहिते.