स्लॉट कारचे प्लास्टिकचे चाक अ‍ॅक्सलवर घसरते: मूळ चाक वाचवता येईल का?

धागालेखक

नमस्कार. माझ्याकडे १/३२ प्रमाणातली एक जुनी स्लॉट कार, म्हणजे खाचेच्या ट्रॅकवर विजेवर धावणारी खेळण्यातली शर्यतीची गाडी, आहे. तिची मागची चाके प्लास्टिकची असून ती ३/३२ इंची, म्हणजे साधारण २.३८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी अ‍ॅक्सलवर नुसती दाबून बसवलेली आहेत. गाडी सुटते, पण वळणातून बाहेर पडताना तिला जोरच येत नाही. भिंगाखाली पाहिले तेव्हा डाव्या चाकाच्या हबवर (मधल्या नळीसारख्या भागावर) अ‍ॅक्सलच्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेली केसाएवढी चीर दिसली. चाक बोटांत धरून गिअर फिरवला, की अ‍ॅक्सल त्या चाकाच्या आतल्या आत फिरतो.

मी भोकात सुपरग्लूचा एक थेंब सोडून चाक पुन्हा दाबले. दुसऱ्याच फेरीला ते सुटले आणि चिकटवताना तिरके बसल्यामुळे आता डुगडुगतेही. शिवाय ग्लूच्या वाफेने रिमवर पांढुरकी पुटे आली आहेत. बाजारात धातूची चाके मिळतात हे मला ठाऊक आहे, पण या गाडीचे रूप तिच्या आऱ्यांच्या नक्षीत आहे, म्हणून शक्य असेल तर हीच चाके राखायची आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सुपरग्लू टिकला नाही, यात नवल नाही. अ‍ॅक्सलच्या टोकांवर बारीक दाते कोरलेले असतात आणि ते टोक त्याहून किंचित लहान भोकात दाबलेले असते, त्यामुळे हब आतून बाहेरच्या दिशेने सतत ताणलेला राहतो. वर्षानुवर्षांच्या या ताणाने प्लास्टिक उकलते. त्यावर तेलाचा ओघळ आला तर काही प्लास्टिके आणखी लवकर तडकतात. चिरेत भरलेला ग्लू कडक आणि ठिसूळ असतो. तो चीर भरतो, पण ती उघडणारा जोर थोपवू शकत नाही. म्हणून हबला बाहेरून आवळले पाहिजे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात, तसेच हे काम आहे.

आधी चाक काढा, पण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कारण त्याने अ‍ॅक्सल वाकतो किंवा रिमची आतली कड फुटते. चाक ओढण्याचा छोटा पुलर वापरा. भोकातला जुना ग्लू सुईच्या टोकाने खरवडा. अ‍ॅसिटोन मात्र जवळही आणू नका, कारण पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही दोन्ही प्लास्टिके त्यात विरघळतात. मग हबचा बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि त्याहून ०.०५ ते ०.१ मिलिमीटरने लहान आतला व्यास असलेली पितळी नळी शोधा. तिचे दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे कडे कापा आणि एका बाजूची आतली कड कानशीने किंवा धारदार पात्याने किंचित उतरती करा, नाहीतर ती प्लास्टिक तासत जाईल. चिरेत पातळ सुपरग्लूचा अगदी बारीक थेंब सोडून लगेच कडे व्हाइसमध्ये सावकाश, सरळ दाबा. कडे चढताना चीर मिटताना दिसते आणि भोक पुन्हा घट्ट होते. ग्लू पूर्ण सुकल्यावरच अ‍ॅक्सल घाला. कडे बुशला (अ‍ॅक्सल ज्यात फिरतो त्या बाहीला) किंवा चॅसिसला घासत नाही, हे बसवण्यापूर्वीच तपासून घ्या.

योग्य मापाची नळी मिळाली नाही, तर हबवर बारीक पॉलिएस्टर दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन त्यांत पातळ ग्लू मुरवता येतो. सुती दोरा टाळा, कारण सुपरग्लू कापसाला लागला की चटकन तापतो. हा उपाय कड्याइतका टिकाऊ नाही, पण बऱ्याच शर्यती निघतात. नटबोल्टसाठीचे थ्रेडलॉकर मात्र चुकूनही लावू नका. एबीएससारखी प्लास्टिके त्याने तडकतात.

धागालेखक

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. चाक नेमके कोणत्या प्लास्टिकचे आहे, हे कसे ओळखावे? त्यावरच ग्लू अवलंबून असेल, असे वाटते.

प्रतिसाद १

अचूक ओळखणे कठीण आहे, पण काम भागेल एवढे कळते. जुन्या चाकाच्या लपलेल्या भागावर प्लास्टिक सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या ग्लूचा) सूक्ष्म ठिपका द्या. पृष्ठभाग मऊ होऊन चिकट झाला, तर ते पॉलिस्टायरीन किंवा एबीएस आहे आणि त्यावर सुपरग्लू चांगला धरतो. काहीच परिणाम झाला नाही आणि स्पर्श मेणचट, निसरडा लागला, तर ते नायलॉन किंवा अ‍ॅसिटल असण्याचा संभव आहे. त्यांवर कोणताही ग्लू भरवशाचा नाही. तिथे केवळ कड्याच्या आवळण्यावरच विसंबावे लागते.

प्रतिसाद २

डुगडुगण्याबद्दल दोन शब्द. आधी दोष चाकाचा की अ‍ॅक्सलचा, ते ठरवा. सुटा अ‍ॅक्सल काचेवर लोळवला आणि काचेशी प्रकाशाची फट उघडझाप होताना दिसली, तर तो वाकलेला आहे. तो सरळ करत बसण्यापेक्षा बदललेला बरा. अ‍ॅक्सल सरळ असेल, तर चाक बसवण्यासाठी ड्रिल स्टँड वापरा. अ‍ॅक्सल चकमध्ये (ड्रिलच्या पकडीत) धरा, चाक सपाट फळीवर ठेवा आणि मशीन बंद ठेवूनच दांड्याने चक खाली दाबा. हाताने कितीही काळजी घेतली, तरी इतके सरळ बसत नाही.

यानंतर टायर काढून रिमवर बोट फिरवा. साच्याच्या जोडावर राहिलेली रेघ नखाला लागते. ती काढल्याशिवाय टायर कधीच गोल बसत नाही. अनेक जण चाकाला दोष देतात, पण दोष या रेघेत असतो. ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू उतरवा. मग टायर रिमला चिकटवून २२० नंबरच्या पेपरवर गाडी अगदी कमी व्होल्टेजला, दोन-तीन सेकंदांच्या हप्त्यांनी फिरवा आणि मधे थांबून रिमला हात लावून पाहा. रबर तापले, की उष्णता आत उतरते आणि तुम्ही नुकतीच दुरुस्त केलेली रिम मऊ पडते. सिलिकॉनचे टायर असतील, तर हा उपाय करू नका. ते घासून नीट गोल होत नाहीत आणि त्यांना साधा सुपरग्लूही धरत नाही.

प्रतिसाद ३

दुरुस्तीनंतर तेल फक्त बुशमध्ये, सुईच्या टोकावर मावेल एवढेच द्यावे आणि ते प्लास्टिकला चालणारे असावे. चाके कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावीत. गाडी कपाटात ठेवताना चॅसिसखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी ठेवावीत. वजनाखाली राहिलेल्या टायरला एका बाजूने चपटेपणा येतो. मऊ व्हिनाइलचे टायर असतील, तर ते दीर्घकाळ पॉलिस्टायरीनच्या रिमवर ठेवू नयेत, कारण त्यांतून झिरपणारे द्रव्य रिम खाते.

धागालेखक

सिमेंटच्या ठिपक्याने पृष्ठभाग मऊ झाला, म्हणून पातळ ग्लू लावून पितळी कडे चढवले. पहिले कडे आतली कड उतरती न केल्यामुळे तिरके गेले आणि हबवरून प्लास्टिकचा बारीक कीस निघाला. दुसरे व्यवस्थित बसले. ड्रिल स्टँडच्या पद्धतीने अ‍ॅक्सल घातला. आता चाक धरून गिअर फिरवला, तर बोटांना पूर्ण रोध जाणवतो. काल चाळीस फेऱ्या झाल्या, चीर उघडलेली नाही. उजव्या चाकावर अजून चीर नाही, तरीही त्यालाही आताच कडे चढवणार आहे. रिमवरची पांढरी पुटे तशीच आहेत; ती कोरड्या, मऊ ब्रशने घासून पाहीन आणि काय होते ते इथे लिहीन.