बुद्धिबळाचं रॅपिड रेटिंग १४५० च्या आसपासच अडकलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ४१, राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत, शिफ्टची. लहानपणी वडिलांनी शिकवलेलं बुद्धिबळ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर परत सुरू झालं, ९०० वरून १४०० पर्यंत कसा आलो कळलंही नाही, पण मागचं दीड वर्ष चेसडॉटकॉम या साइटवर १० मिनिटांच्या रॅपिडला १४२० ते १४८० आणि परत १४२०, सिडको ते शालिमार फेऱ्या माराव्यात तसं चाललंय. एकदा १४९६ झाले, बायकोला स्क्रीन दाखवली आणि त्याच रात्री सलग पाच हरलो.

काय काय केलंय ते आधीच सांगतो म्हणजे तेच सल्ले परत नकोत. पांढऱ्याकडून लंडन, काळ्याकडून कॅरो-कान, या दोन ओपनिंग (डाव सुरू करायच्या ठरलेल्या चाली) व्हिडिओ बघून बघून दहाव्या चालीपर्यंत पाठ. पझल रोज करतो, पझल रेटिंग २१०० आहे, पण पझलमध्ये माहीतच असतं ना की इथे काहीतरी दडलंय, डावात घोड्याचा फोर्क (एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला) नाकासमोर असतो आणि मी आपला कडेचं प्यादं ढकलतो.

शेवटी गेल्या आठवड्यात वैतागून मागचे ३० हरलेले डाव वहीत लिहून काढले (हो वहीत, हसू नका). ओपनिंगमध्ये गेलेले चारच निघाले. नऊ डावांत सरळ मोहरा फुकट दिलाय, सहा घड्याळावर (वेळ संपून), आणि ११ असे की मी पुढे होतो नाहीतर बरोबरी होती आणि हत्तीच्या एंडगेममध्ये (शेवटी राजे, हत्ती आणि प्यादीच उरतात तेव्हा) माती केली.

दिवाळीत एका रेटेड स्पर्धेतही उतरलो होतो. दुसऱ्या फेरीला समोर दहा वर्षांची मुलगी, खुर्चीत गुडघे मुडपून बसलेली, पस्तिसाव्या चालीपर्यंत सगळं बरोबर, मग एक एक करून तिने माझी प्यादी वेचली. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात पोरं अशीच निघणार म्हणा. आणि फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटना) मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादाच १४०० केलीये, म्हणजे तिथला १४०० हा तळ, ऑनलाइनच्या १४५० ला तिथे कोणी विचारत नाही.

दिवसाला एक तास मिळतो, नाइटच्या आठवड्यात तोही नाही. ओपनिंग पूर्ण सोडू का? १० मिनिटं सोडून १५+१० (१५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जादा) खेळू का? कोच लावायचाही विचार केला पण फोन केला की पहिला प्रश्न, मुलगा कितवीत आहे. नाशिकमध्ये रविवारी पट घेऊन बसणारं कोणी आहे का?

प्रतिसाद:
दादा, उत्तर तुमच्या वहीतच आहे की. चार डावांसाठी एवढे व्हिडिओ? लुसेना (जिंकायची) आणि फिलिडोर (बरोबरीत सोडवायची), हत्तीच्या एंडगेमच्या या दोनच पोझिशन आठवडाभर इंजिनसमोर (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) दोन्ही बाजूंनी खेळा. लुसेनात एका प्याद्याने पुढे असणाऱ्याने हत्ती चौथ्या रांगेत आणून राजाला शहांपासून आडोसा करायचा, त्यालाच पूल म्हणतात. फिलिडोरमध्ये बचाव करणाऱ्याने हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत धरून ठेवायचा, समोरच्याचं प्यादं त्या रांगेत आलं रे आलं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. फुकट मोहऱ्यांसाठी औषध एकच, चाल ठरली की करायच्या आधी समोरच्याला कुठले शह आणि कुठली मारामारी मिळतेय ते बघा, १५+१० मध्ये तेवढा वेळ मिळतो. आणि नाइट करून आल्यावर रेटेड खेळू नका हो! मी इंदिरानगरला असतो, रविवारी सकाळी मोकळा आहे.

धागाकर्ता:
धन्यवाद भाऊ. लुसेना काल बसून केलं, तिसऱ्या प्रयत्नात पूल झाला. फिलिडोरमध्ये अजून मार खातोय, प्यादं पुढे यायच्या आधीच घाईने हत्ती पळवतो. रविवारी नक्की येतो, पट माझ्याकडे आहे, घड्याळ असेल तर तुम्ही आणा.