मदत हवी आहे: गिऱ्हाईक ऑनलाइन घेतलेला पार्ट आणतं, तेव्हा मजुरी आणि जबाबदारी कशी ठरवता?

साताऱ्यात माझं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे. स्प्लेंडर, शाइन, पल्सर हीच जास्त कामं. हल्ली बरीच गिऱ्हाइकं चेन-स्प्रॉकेट किट, ब्रेक शू, क्लच प्लेट मोठ्या ऑनलाइन दुकानांतून मागवतात आणि माझ्याकडे फक्त बसवायला येतात. तिथला दर मला पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या होलसेलमध्येही मिळत नाही, कारण माझी खरेदी थोडी.

दर कमी मिळतो याबद्दल तक्रार नाही, गिऱ्हाइकाचे पैसे वाचले तर चांगलंच. अडचण पुढे येते. क्लच प्लेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवावी लागते, आणि एकदा ऑइल लागलं की विकणारा परत घेत नाही. मॉडेलचं वर्ष वेगळं निघालं की इंजिन उघडं, गाडी रॅम्पवर अडकलेली, आणि बोल मला.

आणलेल्या पार्टला जास्त मजुरी लावून पाहिली, तर लोक घासाघीस करतात. ‘बाहेरचा पार्ट बसवणार नाही’ म्हटलं, तर जुनी गिऱ्हाइकं तुटली. आता आधी जुना पार्ट काढून नव्याशी जुळवतो, मगच पुढचं काम. पण त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

जास्त माल भरून ठेवणं किंवा कंपनीची फ्रँचायझी घेणं भांडवलाअभावी जमणार नाही, त्यामुळे ते पर्याय नकोत.

गॅरेज चालवणाऱ्यांनी सांगावं: अशा कामाला मजुरी वेगळी लावता का, किती पट? पार्ट जुळला नाही तर खोलण्याचे पैसे घेता का? आणि पार्टची गॅरंटी आपली नाही, हे जॉब कार्डवर (गाडीच्या कामाची नोंद असलेल्या कागदावर) नेमकं कसं लिहून सही घेता?