पहिल्याच बाउन्सला नाव कापायचं?

तर्कटराव
परवा एका ईमेल लिस्टच्या मालकाने इथे लिहिलं, 'बाउन्स आला, म्हणजे मेल न पोचता परत आला, की त्याच दिवशी नाव कापतो. ज्याला स्वतःचा इनबॉक्स सांभाळता येत नाही त्याला लिस्ट कशाला?' वाचून डोकं सटकलं, म्हणून हा वेगळा धागा.

सगळे बाउन्स एका माळेचे मणी नसतात. परत आलेल्या मेलमधला 5ने सुरू होणारा आकडा म्हणजे दार बंद, 4ने सुरू होणारा म्हणजे जरा वेळाने या. मेलमॅन, म्हणजे लिस्ट चालवणारा प्रोग्राम, काय उगाच गुण मोजतो? पक्क्या (5वाल्या) बाउन्सला 1, कच्च्याला (4वाल्या) अर्धा, तेही दिवसातून एकदाच. 5 गुण भरले की मगच मेल थांबवतो आणि त्यानंतरही आठवड्याच्या अंतराने 3 सूचना धाडतो.

आमच्या काकांची पेटी नातवाच्या मुंजीच्या फोटोंनी भरली. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या लिस्टवरून नाव उडालं, त्यांना पत्ताच नाही. त्याच दिवसांत एका वर्गमित्राच्या निधनाची बातमी लिस्टवर आली. महिन्याभराने काकांनी त्यांना वाढदिवसाचा फोन लावला. उचलला वहिनींनी.

खडूस मॉडरेटर
तो लिस्टमालक मीच. काकांचं वाईट वाटलं, खरंच. पण 900 माणसांची लिस्ट मी रात्री जेवणं उरकल्यावर फुकट चालवतो. मेलेल्या पत्त्यांवर पाठवत राहिलं की जीमेल आमच्या सर्व्हरलाच स्पॅमवाला ठरवतं. एकासाठी 899 जणांना का बुडवू?

नाशिकची मिसळ
बाउन्सचं काय घेऊन बसलात? खरी कीड म्हणजे ते 'स्पॅम' बटण. स्वतः होऊन सदस्य व्हायचं आणि कंटाळा आला की स्पॅम म्हणून दाबायचं! तळाशी बाहेर पडायची लिंक असते, ती कुणाला दिसत नाही. गूगल सांगतं, तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजारात तिघं बोट आवरेनात की आपण गुन्हेगार.

परदेशस्थ पक्या
मी दाबतो. काय म्हणणं आहे? लिंकवर गेलो तर पासवर्ड मागितला. 2011 साली घेतलेला! आणि तोच पासवर्ड दर महिन्याच्या 1 तारखेला उघडा मेलने यायचा. तो मेलच आधी स्पॅममध्ये ढकलला होता.

नाशिकची मिसळ
म्हणजे पासवर्ड घरपोच येत होता, तो तुम्हीच फेकलात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

परदेशस्थ पक्या
भाषा सांभाळा. एकदा सभ्यपणे 'मला काढा' असं लिस्टवरच लिहिलं होतं. त्यावर दिवसभरात 23 जणांचं 'मलाही'. मग एका ताईंचं 'कृपया सर्वांना उत्तर देऊ नका', तेही सर्वांनाच. त्या दिवशी बोट आपसूक बटणावर गेलं.

खडूस मॉडरेटर
त्या 23 जणांना मी हाताने काढलं होतं, पक्याशेठ. रात्री दीड वाजता. आभाराचा एक मेल आला नाही.

चिंचगुळ
बटणपुराण आवरा, मूळ मुद्द्यावर या. एप्रिल 2014 विसरलात? याहूने फर्मान काढलं की याहूच्या नावाचा मेल खरंच याहूचा आहे का, या तपासणीत उतरला नाही तर सरळ नाकारा. लिस्ट विषयाआधी स्वतःचं नाव डकवते, तळाला शेपूट जोडते, त्यात मूळ मेलची डिजिटल सही मोडते. मग याहूवाला लिस्टवर 'अभिनंदन' लिहिणार, जीमेल ते नाकारणार आणि बाउन्स चढणार जीमेलवाल्या वाचकांच्या नावावर. बोलणारा एक, शिक्षा ऐकणाऱ्यांना. तुमच्या नियमाने तर एका अभिनंदनात अर्धी लिस्ट साफ!

आणि स्पॅम अडवायचा तर दारातच नाकारा. आत घेऊन मग 'तुम्ही सदस्य नाही' असं उलट कळवू नका. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा उसना असतो, तुमचं उत्तर भलत्याच बिचाऱ्याच्या अंगणात पडतं.

खडूस मॉडरेटर
हसू नका, पण 2014 मध्ये आमच्याकडे नेमकं हेच झालं. लिस्ट एवढी गप्प झाली, म्हणून मी दोन आठवडे खूश होतो.

बरं बाबांनो, तुम्ही शहाणे. 5 गुणांची मर्यादा परत लावतो. काकांचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि त्यांना म्हणावं आधी मुंजीचे फोटो उडवा.

तर्कटराव
फोटो उडवायला ते तयार नाहीत. नवा पत्ता काढलाय. याहूचा.