काटोलकडे दिवाळीत कापूस वेचणीला जायचंय, काय लक्षात ठेवावं?

नागपूरहून चार जण जाणार आहोत, दोन पोरं सोबत. किती वाजता पोचावं? सोबत काय न्यावं?

उत्तर १
सकाळी दहाच्या आधी पराटीत (कापसाच्या शेतात) शिरू नका. दवाने ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. खरेदीत 8 टक्के ओलावा धरतात, 12 च्या वर गेला की माल परत. पूर्ण उमललेलं बोंडच घ्या, खालच्या फांदीपासून वर. पाचही बोटांनी सरकी धरून ओढा, म्हणजे पाकळीचा चुरा चिकटत नाही. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळ्या ओटीत (कमरेला बांधायच्या झोळीत). ओटी सुती कापडाचीच हवी. प्लास्टिक पोत्याचे धागे रुईत गेले की निघत नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, बोंडाची टोकं बोचतात.

उत्तर २
शेतातली पहिलीच वेचणी असेल तर सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, पाहायला मिळेल. दहीभात खायचा आणि मग कामाला लागायचं. पोरं थकली की संत्र्याच्या बागेत न्या, आंबिया बहाराच्या फळांची तोडणी तेव्हाच सुरू असते. पण फळ ओढू नका! देठाशी साल फाटते, तिथूनच सडतं. कात्रीने देठ अगदी आखूड कापा.

उत्तर ३
सोयाबीन तोवर निघालेलं असतं, त्याची आशा नको.